सीतेची आसवं बघायचीत? मग फूल नका शोधू, पाणी शोधा

ऑगस्ट संपत आला की मला दोन-चार मेसेज हमखास येतात, "कासला फुलं आली का गं, कधी जायचं?" माझं उत्तर दरवर्षी तेच असतं, की कासला जा, जरूर जा, पण त्याच्या आधी पुण्याजवळचा एखादा ओला कातळ धरा आणि त्यातली वीतभर जागा अख्खा पावसाळा बघा. एवढी मोठी पठारं सोडून वीतभर जागा काय बघायची असं वाटेल, पण सीतेची आसवं नावाचं फूल नीट बघायचं असेल तर मला तरी दुसरा मार्ग सापडलेला नाही. गाडीतून उतरून जांभळा गालिचा बघितला, फोटो काढला, कणीस खाल्लं आणि परत आलो, असं मीही तीन वर्षं केलंय आणि त्या तीन वर्षांत मला या झाडाबद्दल एक ओळसुद्धा कळली नव्हती.

हे फूल आहे अगदी चिमुकलं. रोपाची उंची साधारण बोटभर, कधी वीतभर, दोऱ्यासारखी बारीक दांडी आणि तिच्यावर नखाएवढी दोन-चार निळसर जांभळी फुलं. शास्त्रीय नाव युट्रिक्युलेरिया. जगात या वंशाच्या सव्वादोनशेच्या वर जाती आहेत आणि आपल्या घाटमाथ्यावर जी जांभळी चादर दिसते ती बरेचदा युट्रिक्युलेरिया परप्युरॅसेन्सची असते, जिला जॉन ग्रॅहॅमनं १८३९ मध्ये हे नाव दिलं. मराठीत मात्र यातल्या तीन-चार जातींना सरसकट सीतेची आसवंच म्हणतात. ते चुकीचं वगैरे काही नाही, गुराख्याला जेवढा फरक लागतो तेवढाच नावात येतो. पुढे ओळखायचं कसं ते सांगते तेव्हा हे लक्षात ठेवा.

आणि हे रोप वर्षायू आहे, म्हणजे बी रुजण्यापासून बी सांडण्यापर्यंत सगळा संसार एका पावसाळ्यात उरकायचा. कंद नाही, पुढच्या वर्षासाठी जमिनीत काही शिल्लक ठेवलेलं नाही. त्यामुळे त्याचं सगळं गणित पाण्यावर चालतं. पाणी कधी येतं, किती दिवस झिरपतं, कधी आटतं. तुम्हाला ते पाणी वाचता आलं की फूल आपोआप सापडतं.

आधी ते जगतं कसं ते समजून घ्या, नाहीतर जागा कळणार नाही

सह्याद्रीचा हा सगळा भाग म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा दगड. पुण्याच्या पश्चिमेला मळवली, मुळशी, ताम्हिणीकडे काळा कातळ आणि कास, महाबळेश्वरच्या माथ्यावर लाल जांभा. दोन्हीकडे गोष्ट सारखीच, की सपाट दगडावर माती असते जेमतेम बोटभर, काही ठिकाणी तर नखभर. त्यावर पावसाळ्यात धो धो पाणी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तासाभरावरच्या लोणावळ्यात ४००० च्या वर, तर एवढं पाणी त्या बोटभर मातीतून वाहिलं की तिच्यात कस म्हणून काही उरतच नाही. नायट्रोजन, फॉस्फरस सगळं धुवून खाली. मोठ्या झाडाला इथं उभं राहायलाच जागा नाही आणि गवताला खायला नाही.

इथं आपली ही आसवं काय करतात, तर मांसाहार. खरी मुळं यांना नसतातच, मातीत दोऱ्यासारखे धागे पसरतात आणि त्या धाग्यांवर मोहरीपेक्षा बारीक, पारदर्शक फुगे असतात. प्रत्येक फुगा म्हणजे एक सापळा. रोप फुग्यातलं पाणी बाहेर टाकत राहतं त्यामुळे फुगा आत चेपल्यासारखा होतो, आपण पाण्याच्या रिकाम्या बाटलीतली हवा ओढून घेतल्यावर होते ना तसा. तोंडाशी एक झाकण आणि झाकणावर दोन-चार केस. मातीतल्या पाण्यात पोहणारा एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला लागला की झाकण आत उघडतं, पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो आणि झाकण बंद. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात होतं, वनस्पतींमधल्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी ही एक. मग आत पाचक रस सुटतात आणि जे मातीत मिळत नाही ते तिथून मिळतं.

आता बघा, हा सापळा चालायला काय लागतं? पाणी. नुसती ओल नाही, मातीच्या कणांमध्ये भरलेलं पाणी, म्हणजे शिकार पोहत येईल. आणि ते साचलेलं खोल डबकंही नको, कारण ही जमिनीवर वाढणारी जात आहे, दांडी हवेत पाहिजे. म्हणजे दगडावरून पातळ पापुद्र्यासारखं सतत झिरपत राहणारं पाणी, बस्स. हीच तुमची खूण, पुढचं सगळं हिच्यावरच चालतं.

पहिलं काम: जागा मे महिन्यात ठरवा

हो, मे महिन्यात. लोकं हसतात पण कातळ वाचायला उन्हाळ्यासारखा सीझन नाही. पावसात सगळीकडेच पाणी असतं, त्यामुळे टिकणारं कुठलं आणि वाहून जाणारं कुठलं ते कळत नाही. उन्हाळ्यात उघड्या कातळावर काळे पट्टे दिसतात, वरून खाली ओघळल्यासारखे. ते म्हणजे पावसाळ्यात पाणी झिरपतं त्या वाटा, सूक्ष्म शेवाळासारखे जीव तिथं वाढून वाळलेले असतात. असे पट्टे जिथं सपाट भागावर येऊन पसरतात आणि तिथं वाळलेल्या मातीचा पातळ, पापडासारखा तडकलेला थर असतो ती जागा हेरून ठेवा. त्याच्या वरच्या बाजूला थोडा उतार आणि गवत किंवा झाडी असेल तर आणखी उत्तम, कारण पाऊस उघडला तरी वरून दोन-चार दिवस पाणी येत राहतं.

पुण्यातून कुठं जायचं? गाडी नसेल तर सगळ्यात सोपं म्हणजे लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं आणि भाजे गावावरून लोहगड-विसापूर किल्ल्यांच्या बाजूला चालायला लागायचं. गायमुख खिंडीच्या आजूबाजूचे कातळ आणि विसापूरचा माथा, दोन्हीकडे शोधायला भरपूर वाव आहे. गाडी असेल तर चांदणी चौकातून पौड, मुळशी करत ताम्हिणीकडे. सिंहगडावर सोनकी आणि तेरडा झकास दिसतो, तो बघायला जा, पण रविवारी नको. रविवारचा सिंहगड हा वेगळाच विषय आहे, तिथं फुलापेक्षा पार्किंग शोधण्यातच दिवस जातो.

कासबद्दल एवढंच सांगते की २०१२ मध्ये पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यात कास आहे, सीझनमध्ये ऑनलाईन बुकिंग करून जावं लागतं आणि ठरलेल्या वाटेवरूनच फिरावं लागतं. ते बरोबरच आहे. पण त्यामुळे एका जागेशी तासभर लोळून बसायची मजा तिथं मिळत नाही. म्हणून शिकायला आपला जवळचा कातळ आणि डोळे भरून घ्यायला कास, असं मी मनात वाटून टाकलंय.

एक मात्र आधीच बघून घ्या, ती जागा वनखात्याच्या हद्दीत येते का, अभयारण्य आहे का, कुणाची खाजगी आहे का. गावात विचारलं की लगेच कळतं.

सोबत काय घ्यायचं

फार काही नाही. दहा पटीचं छोटं भिंग, सोनार वापरतात तसलं, मी सोन्या मारुती चौकाच्या बाजूला सोनारकामाची हत्यारं मिळतात तिथून घेतलं होतं. बसायला नाही तर पालथं झोपायला जाड प्लास्टिकचा तुकडा. सहा इंची पट्टी. वही आणि पेन्सिल, पेन नाही, कारण पेनाची शाई पावसात कशी पसरते ते मला विचारा, माझी २०१९ ची अख्खी वही निळी आहे. एक पांढरं झाकण, श्रीखंडाच्या डब्याचं चालतं, ते कशाला ते पुढे सांगते. पकड चांगली असलेले बूट. ताम्हिणीकडच्या झाडीतून जाणार असाल तर जळवांसाठी मीठ.

आणि साप. कातळावर दगडांखाली फुरसं असतं, ते मातीच्याच रंगाचं असतं त्यामुळे दिसत नाही. दगड उचलून खाली काय आहे ते बघायची हौस नको, हात टेकायच्या आधी जागा बघायची आणि झोपायच्या आधी तर दोनदा बघायची.

दुसरं काम: जुलैच्या शेवटी पाण्याची रेघ शोधा

पुण्यात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो पण तेव्हा लगेच धावू नका. जूनच्या शेवटी तुमच्या त्या जागेवर फक्त हिरवा बुळबुळीत थर दिसेल. बी त्यातच रुजत असतं पण आपल्याला काय ते दिसत नाही, मी भिंग लावून तासभर बघितलंय आणि शेवटी शेवाळालाच नमस्कार करून आले. जुलैचा शेवट, श्रावण लागायच्या सुमाराला जा.

पोचल्यावर सरळ फुलं शोधायला लागू नका. जागेच्या काठावर उभं राहा आणि पाणी बघा. कुठून येतंय, कुठं पसरतंय, कुठं पायाखाली पचपच करतंय, कुठं नुसतं चकचकतंय. मग शेजारी बघा, कारण या कातळावर प्रत्येकाची जागा ठरलेली असते, वाड्यातल्या भाडेकरूंसारखी. खोलगट भागात पाणी उभं असतं तिथं पाणवनस्पती. त्याच्या काठाला, पचपचीत भागात गेंद, म्हणजे दांडीवर पांढरं गोल बटण लावल्यासारखं दिसतं ते. गेंद दिसला की तुम्ही अगदी दारात आलात असं समजा, कारण आसवांना आणि गेंदाला जवळजवळ सारखीच ओल लागते. त्याच्या बाहेर, माती जरा कोरडी होते तिथं नभाळी आणि पिवळा कवला, ज्याला हल्ली सगळे मिकी माऊस म्हणतात. आणि माती चांगली चार बोटं झाली की तेरडा, सोनकी आणि उंच गवत. उंच गवतात ही मंडळी शक्यतो सापडणार नाहीत, सावलीत त्यांचा टिकाव लागत नाही.

गेंद दिसायला एकसारखे पण त्यांच्या जाती ओळखणं म्हणजे भल्याभल्यांचा घाम काढणारं काम आहे. आपल्या आघारकर संशोधन संस्थेतल्या लोकांनी गेंदाच्या दोन नव्या जाती नोंदवल्या, एक सिंधुदुर्गातली आणि एक कर्नाटकात कुमठ्याची. म्हणजे ज्याच्यावरून आपण चालत जातो ते पांढरं बटण कुणीच नाव न ठेवलेलंही असू शकतं. (संस्था आगरकर रोडवर आहे पण आघारकर वेगळे आणि आगरकर वेगळे. शंकर पुरुषोत्तम आघारकर वनस्पतीशास्त्रज्ञ, गोपाळ गणेश आगरकर समाजसुधारक. पुण्यात जन्मून मला हे तिशीत कळलं.)

पहिल्या वर्षी मला जागा सापडली ती माझ्या हुशारीनं नाही. दोन तास भिरभिरत होते, शेवटी एका गुराखी मामांना विचारलं, "मामा, इथं बारीक जांभळी फुलं कुठं येतात?" ते म्हणाले, "सीतेची आसवं म्हंता व्हय? ती हितं न्हाईत. तकडं पानी पाझरतंय न्हवं, त्या धारंधारंनं जावा. आन् बाई, खाली बघून चाला, वर न्हाई." त्या एका वाक्यात सगळं आलं की.

गुरांचं निघालंच आहे तर एक. आपल्याला वाटतं गुरं म्हणजे फुलांचा सत्यानाश. तसं सरळ नाहीये ते. गुरं गवत खातात, गवत खुजं राहतं, मग या चिमुकल्यांना ऊन मिळतं. कासला कुंपण घालण्यावरून जी वादावादी झाली तिच्यात चराई बंद झाल्यावर गवत माजतं हा मुद्दा वारंवार आलेला आहे. अति चराई वाईटच, पण मला विचाराल तर चार म्हशींपेक्षा चाळीस रील काढणारे जास्त नुकसान करतात.

तिसरं काम: झोपा आणि ओळखा

उभं राहून हे फूल दिसत नाही, दिसतो तो फक्त जांभळा रंग. प्लास्टिक अंथरायचं ते कोरड्या, उघड्या दगडावर, रोपांवर नाही. आणि कडेनं आत बघायचं.

सगळ्यात आधी दांडी बघा. दांडीला पानं नसतात. दांडीवर समोरासमोर पानं असतील तर ते दुसरंच काहीतरी आहे, ओल्या जागी तसली बारीक जांभळी दोन ओठांची फुलं आणखीही असतात आणि नवखा माणूस तिथंच फसतो. मग फूल. त्याला दोन ओठ असतात, वरचा लहान आणि खालचा मोठा, पसरट. खालच्या ओठाच्या मधोमध उंचवटा आणि त्यावर पांढरट किंवा पिवळसर डाग. आता बाजूनं बघा, फुलाच्या खाली एक टोकदार शेपटी दिसेल, तिला शुंडिका म्हणतात. पानं नसलेली दांडी, दोन ओठ आणि शेपटी, तिन्ही जुळलं की आसवं नक्की.

आता जात कुठली? गवताच्या काडीला वेटोळे घालत वर चढली असेल, फूल जरा मोठं असेल आणि पाकळीवर जाळीदार शिरा असतील तर बहुतेक रेटिक्युलाटा, ती भातखाचरांच्या बांधालाही दिसते. शेवाळलेल्या उभ्या दगडावर किंवा झाडाच्या ओल्या खोडावर, तळाशी छोटी गोल पानं आणि फूल पांढरट, खालचा ओठ झालरीसारखा कातरलेला असेल तर ती स्ट्रायाटुला. सपाट कातळावर सरळ उभी, निळी-जांभळी, झुंडीनं असेल तर परप्युरॅसेन्सची शक्यता जास्त. पण छातीठोकपणे सांगायचं असेल तर दांडीवर फुलाच्या देठाशी जे बारीक पानासारखं खवल्यासारखं असतं ते भिंगाखाली बघावं लागतं, ते दांडीला टोकानं चिकटलंय की मधोमध, शिवाय बिया. तेवढं नाही जमलं तर वहीत "सीतेची आसवं, जात नक्की नाही" असं लिहा. मी पहिली दोन वर्षं सगळ्यालाच ठोकून रेटिक्युलाटा लिहीत होते, नंतर सगळं खोडायला लागलं.

फुगे बघायचेत? मग ते पांढरं झाकण काढा. रोप उपटायचं नाही. गुरांच्या खुरानं उखडलेलं एखादं रोप हमखास सापडतं, ते मातीसकट झाकणात ठेवून वर थोडं तिथलंच पाणी टाका, माती हळूहळू सुटते आणि धाग्यांवर काचेच्या कणांसारखे फुगे दिसतात. काहींच्या आत काळा ठिपका दिसतो, तो जेवणाचा. बघून झालं की परत तिथंच ठेवा.

फोटो

मोबाईल पुरतो. एकदम जवळ नेऊ नका, जरा लांबून दोन पट झूम करा म्हणजे फोकस लागतो. चार फोटो काढा: समोरून फूल, बाजूनं शेपटी, तळापासून अख्खं रोप पट्टी शेजारी धरून, आणि चौथा त्या जागेचा, पाण्यासकट. लोकं पहिलाच फोटो पन्नास वेळा काढतात आणि चौथा काढतच नाहीत, खरं तर ओळखायला तोच जास्त उपयोगी. वारा असतोच. वाट बघायची, दर दोन-तीन मिनिटांनी क्षणभर पडतो. दांडी बोटानं धरून ठेवायची नाही, मोडते. ढगाळ सकाळ सगळ्यात चांगली, भर उन्हात जांभळा रंग फिका येतो.

चौथं काम: परत जा, परत जा, परत जा

हा खरा कळीचा भाग. वीतभर जागा पक्की करा, म्हणजे एखाद्या ओळखू येणाऱ्या दगडापासून किती हात, कुठल्या दिशेला, असं वहीत लिहून ठेवा. तिथं खुंटी ठोकू नका, रंग लावू नका, दगडावरची खूण तुमच्या फोटोत असली की पुरे.

माझं कॅलेंडर सणांवर आहे, लक्षात राहायला बरं पडतं. नारळी पौर्णिमेच्या आसपास पहिली तुरळक फुलं, वीतभर जागेत चार-पाच. गौरी-गणपतीला ऐन बहर. नवरात्रात अर्धी फुलं, अर्धी बोंडं. दिवाळीला नुसत्या तपकिरी काड्या. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी मोजायच्या: फुलं किती, बोंडं किती, आणि बोट टेकवल्यावर माती किती खोल ओली. बोटाला पाणी लागतंय, नुसती ओल लागतेय की कोरडं. तिसरा आकडा सगळे विसरतात पण मजा त्यातच आहे. एका वर्षी भाद्रपदात दहा-बारा दिवस पाऊसच नव्हता, माझ्या जागेच्या वरच्या कडेची सगळी रोपं वाळून गेली आणि दोन हात खाली, जिथं झिरपा चालू होता, तिथं बहर तसाच. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की पाण्याची रेघ म्हणजे काय.

नवरात्रातल्या फेरीला एक काळजी घ्या. परतीचा पाऊस दुपारनंतर येतो तो विजा घेऊनच आणि उघड्या माथ्यावर तुम्हीच सगळ्यात उंच. सकाळी लवकर जा, दुपारी दोनच्या आत खाली या.

नोंद कुठं करायची

फोटो आणि नोंद आयनॅचरलिस्ट या वेबसाइटवर टाका, किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर. जाणकार लोकं ओळख पटवून देतात, चूक असेल तर सांगतातही. फक्त कमी माहितीतली, छोटी जागा असेल तर लोकेशन लपवायचा पर्याय निवडा, मग नकाशावर नेमका बिंदू न दिसता मोठा चौकोन दिसतो. इन्स्टावर तर गावाचं नावसुद्धा टाकू नका. मी एकदा टाकलं होतं, पुढच्या रविवारी तिथं तीन गाड्या वर चढवलेल्या होत्या. चाकाच्या चाकोऱ्या दिसायला साध्या असतात पण पाणी मग त्या चाकोरीतून पळून जातं, बाजूला पसरत नाही, आणि पुढच्या वर्षी चाकोरीच्या खालचा सगळा पट्टा कोरडा. माझी ती जागा गेली. दोष अर्धा माझाच.

पायांचंही तसंच. जिथं दगड दिसतो तिथं पाय टाका, जिथं हिरवं दिसतं तिथं नाही. ग्रुप असेल तर एकामागे एक. आणि पाच-सहा जणांच्या वर नेऊ नका, मी एकदा सोसायटीतली चौदा माणसं नेली होती, त्यातल्या एका काकांनी सतरंजी नेमकी गेंदावर अंथरली आणि पोह्यांचा डबा उघडला. काय बोलणार, मोठे माणूस.

घरी लावता येईल का?

नाही. हा प्रश्न दरवेळी येतो म्हणून वेगळा लिहिला. कुंडीतली माती, शेणखत, नळाचं पाणी, यातलं काहीच त्याला मानवत नाही. ज्याचा सगळा जुगाड कस नसलेल्या मातीसाठी आहे त्याला खत घालणं म्हणजे मधुमेही माणसाला आग्रह करून जिलबी वाढण्यासारखं. शिवाय उपटलेलं रोप मळवलीला पोचेपर्यंतच मान टाकतं. घरी फूल पाहिजेच असेल तर तेरडा लावा. त्याचे रंग तीन दिवस म्हणतात खरं, पण बी सहज मिळतं, कुंडीत खुशाल वाढतो आणि गौरीला उपयोगी पडतो.

निघताना बूट

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. बुटाच्या खोबणीतला चिखल घरी येऊन धुवायचा आणि पुढच्या कातळावर जाताना बूट कोरडे, स्वच्छ पाहिजेत. आपण शहरातून तणाचं बी घेऊन जातो. गाजरगवत देशात पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते आपल्या पुण्यातच, १९५५ च्या सुमाराला, आणि आज ते कुठं नाही ते सांगा. कातळावरच्या नखभर मातीत ते फारसं माजत नसेल, पण वाटेच्या कडेला, पार्किंगच्या भरावावर हळूहळू वर सरकताना मी बघितलंय. मी एक जुना दात घासायचा ब्रश गाडीच्या डिकीतच ठेवते, चढायला लागायच्या आधी तळवे घासायचे, लेस आणि मोजेही झटकायचे, कारण कुसळं तिथंच अडकतात. पँटचा खालचा काठ उलटून बघायला विसरू नका, मागच्या वेळी माझ्या दुमडीत अर्धी मूठ निघाली.